मना, मला आणि म्वेन

सारसोळ्यात, जिथे नेरुळच्या इमारती संपतात आणि गावाची जुनी घरं सुरू होतात तिथल्या एका गल्लीत, एक मावशी सकाळी पाटी मांडून बसतात. निवट्या, कोलंबी, चिंबोऱ्या, खाडीने त्या दिवशी जे दिलं असेल ते. गेल्या रविवारी शेजारी त्यांची नात बसली होती, दुसरीतली. मावशींनी माझ्यासाठी वाटा उचलला आणि नातीला म्हणाल्या, "मना ती पिशवी दे गो." पोरीने पिशवी दिली आणि देता देता हळूच म्हणाली, "मना नाही आजी, मला म्हण. बाई ओरडतात."

मावशी गप्प झाल्या. कोयतीवरचा हात चालत होता, पण त्यानंतर त्या माझ्याशी जे बोलल्या ते एकेक शब्द चाचपून. परक्याच्या घरात पाय पुसून शिरावं तसं. "मला", "नाही", "पाणी". ज्या जिभेने त्यांनी साठ वर्षं खाडी, भरती-ओहोटी, सासर, सिडको आणि माझ्यासारखी घासाघीस करणारी गिऱ्हाइकं सांभाळली, ती जीभ त्यांना त्या सकाळी उष्टी वाटायला लागली. पोरीचा यात काहीच दोष नाही. शाळेने जे दिलं ते ती घरी घेऊन आली.

गेले दोन महिने मी हैतीच्या भाषेबद्दल वाचतो आहे. त्यामुळे त्या "मना"च्या मागोमाग माझ्या डोक्यात "म्वेन" आला. हैतीच्या क्रिओल भाषेत "म्वेन" म्हणजे मी. मला म्हणायचं तरी "म्वेन" आणि माझं म्हणायचं तरी "म्वेन": "लिव म्वेन" म्हणजे माझं पुस्तक. मूळ शब्द फ्रेंच "म्वा". फ्रेंचमध्ये "मी खातो" म्हणताना कर्त्याच्या जागी नुसता "म्वा" चालत नाही, तिथे दुसरं रूप लागतं. अशा शब्दांवरून हैतीच्या माणसाला दोन शतकं ऐकवलं गेलं की तुझी भाषा ही भाषाच नव्हे, फ्रेंचची मोडतोड आहे. ऐकवणारे फ्रेंच होतेच. पण जास्त जोर लावला तो हैतीतल्याच, फ्रेंच शिकलेल्या मूठभर लोकांनी.

ही "मोडतोड" केली कोणी? आजच्या हैतीच्या जागी तेव्हा असलेल्या सँ-दोमँग नावाच्या फ्रेंच वसाहतीत ऊस आणि कॉफीच्या मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं राबत होती. १७९० च्या सुमाराला ती पाच लाखांच्या घरात गेली होती. कोणी किकोंगो बोलणारा, कोणी योरुबा, कोणी इग्बो, कोणी वोलोफ. एकाच मळ्यात शेजारीशेजारी ऊस तोडणाऱ्या दोघांची भाषा एक असेलच असं नव्हतं. त्यांनी मालकाच्या तोंडचे शब्द उचलले आणि स्वतःच्या बांधणीने बांधले. त्यांची पोरं त्याच बोलीत रडली, हसली, मोठी झाली. ऑगस्ट १७९१ मध्ये हीच माणसं उठली, आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालं. गुलामांनी उठाव करून स्वतःचं राष्ट्र उभं केलं आणि टिकवलं, याला जगात दुसरं उदाहरण नाही. नेपोलियनची फौज ज्यांनी परत पाठवली त्यांच्या तोंडी ही भाषा होती.

संताप येतो तो पुढच्या गोष्टीने. १७९३ मध्ये फ्रेंच आयुक्त सोंतोनाक्सने गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला तो क्रिओलमध्येही काढला. नेपोलियनला वसाहत पुन्हा मुठीत हवी होती तेव्हा त्यानेही १८०१ मध्ये तिथल्या लोकांसाठीची आपली घोषणा क्रिओलमध्ये छापून घेतली. म्हणजे राज्यकर्त्याला गरज पडली की ही भाषा कागदावर उतरत होती, तिला व्याकरण होतं, तिच्यातून वचनं देता येत होती आणि फसवताही येत होतं. आणि १८०४ मध्ये स्वतंत्र हैतीने स्वातंत्र्याची घोषणा लिहिली ती फ्रेंचमध्ये. लढली एक भाषा, सही दुसरीची. १९१८ च्या राज्यघटनेत अधिकृत भाषा म्हणून फ्रेंचचंच नाव आलं. क्रिओलला राजभाषेचा दर्जा मिळाला तो १९८७ च्या घटनेत, स्वातंत्र्यानंतर १८३ वर्षांनी. त्या घटनेचं पाचवं कलम सांगतं की सगळ्या हैतीवासीयांना बांधणारी भाषा क्रिओल आहे. हे तर त्यांच्या आज्यांना १७९१ मध्येच ठाऊक होतं.

शाळेत मात्र अजूनही फ्रेंचचा वरचष्मा आहे. देशात क्रिओल सगळे बोलतात, फ्रेंच सफाईने बोलणारे थोडे. क्रिओल बोललं म्हणून पोरांनी छड्या खाल्ल्या, पिढ्यान् पिढ्या. धड्यातली फ्रेंच वाक्यं अर्थ न कळता घोकायची, पेपरात ओकायची आणि घरी जाऊन आईशी ज्या भाषेत बोलायचं तिला स्वतःच हिणवायचं. मिशेल देग्राफ हे हैतीत वाढलेले भाषाशास्त्रज्ञ अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकवतात. क्रिओल भाषा इतर भाषांपेक्षा काही तरी वेगळ्या, अर्ध्याकच्च्या असतात, हा समज भाषाशास्त्रातलाच एक घातक भ्रम आहे, असं त्यांनी ठणकावून मांडलं. तेवढ्यावर न थांबता ते विज्ञान-गणिताचं साहित्य क्रिओलमध्ये करायच्या कामाला लागले. आणि हैतीतल्या साध्या माणसाने हे फार आधी एका म्हणीत सांगून ठेवलं आहे: फ्रेंच बोलता येतं म्हणजे अक्कल आहे असं नव्हे. मराठी घराघरांत "फ्रेंच"च्या जागी "इंग्रजी" घालून ही म्हण भिंतीवर लावावी.

भाषा कशासाठी लागते हे १२ जानेवारी २०१० ला जगाला दिसलं. भूकंपात हैतीची राजधानी पोर्तोप्रँस कोसळली. ४६३६ हा क्रमांक जाहीर झाला आणि ढिगाऱ्यांच्या आसपासून लोक मोबाइलवर संदेश पाठवायला लागले. संदेश अर्थातच क्रिओलमध्ये. मदतीला आलेल्या परदेशी पथकांना त्यातला शब्द कळत नव्हता. मग अमेरिकेत, कॅनडात, कुठे कुठे राहणारे हैतीचे लोक रात्रभर बसून ते संदेश इंग्रजीत करून देऊ लागले: कोण कुठे अडकलं आहे, कुठे पाणी नाही. छाती दगडाखाली असते तेव्हा माणूस शुद्ध बोलत नाही. आईची भाषा बोलतो.

आता त्या भाषेच्या "मोडकेपणा"कडे जरा जवळून बघू. पाण्याला हैतीत म्हणतात "द्लो". फ्रेंचमध्ये पाणी "ओ", आणि "थोडं पाणी" मागताना "द लो". पाणी मागताना जो आवाज कानावर पडला तो आख्खा एक शब्द झाला. पक्षी "झ्वाझो", कारण फ्रेंच माणूस "ले-झ्वाझो" म्हणतो. ऐकणाऱ्याने शब्दाचा सांधा आपल्या कानाने ठरवला. हे आपणही केलं आहे. पोर्तुगीज "त्रोंको"चा आपण तुरुंग केला, "आफोन्सो"चा हापूस केला, आणि त्याबद्दल कोणत्याही बाईंनी कोणाला ओरडलेलं मी ऐकलेलं नाही.

क्रियापद घ्या. फ्रेंच क्रियापदाला पुरुष, वचन, काळ यांच्या शेपट्या लागतात. हैतीच्या क्रिओलने त्या सगळ्या काढून टाकल्या आणि काळ दाखवायला क्रियापदाच्या आधी एकेक छोटा शब्द ठेवला. "म्वेन आप मांझे", मी खातो आहे. "म्वेन ते मांझे", मी खाल्लं होतं. "आप" आणि "ते" दोघे फ्रेंच मुळाचे, पण त्यांची नेमणूक नवी. "तो", "ती", "ते" सांगणारं उपपद फ्रेंचमध्ये नामाच्या आधी येतं, इथे मागून येतं: "लिव ला". यात एक जरी शब्द इकडचा तिकडे केला तरी हैतीचं चार वर्षांचं पोर तुम्हाला हसेल. पोराला हसू येतं कारण नियम मोडलेला त्याला कळतो. मोडायला नियम असावा लागतो.

क्रिओल या शब्दाचं मूळ पोर्तुगीज-स्पॅनिशमध्ये आहे, त्याचा अर्थ घरात जन्मलेलं, तिथेच वाढवलेलं. आणि पोर्तुगीज म्हटलं की आपल्याला फार लांब जायला नको. सारसोळ्यातून निघून पनवेल, पेण, अलिबाग करत रेवदंड्याला जा. कुंडलिकेच्या मुखावरचा पूल ओलांडला की मुरुड तालुक्यातलं कोर्लई. समुद्रात घुसलेल्या डोंगरावर पोर्तुगीज किल्ला, खाली गाव, गावात माउंट कार्मेलच्या मातेचं चर्च. तिथे जेमतेम हजारभर माणसं एक भाषा बोलतात. ते तिला म्हणतात "नौ लिंग". आमची भाषा. नावातच सगळं आलं.

पोर्तुगीज कोर्लईजवळच्या चौलला आले सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला. किल्ले बांधले, शिपाई ठेवले. शिपायांनी इथल्या बायकांशी संसार केले; धर्मांतर झालेले इथले गरीब लोक आणि वसाहतीत राबणारे गुलाम त्यांच्याभोवती होते. त्या सगळ्यांच्या रेट्यातून ही बोली झाली. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आलं आणि पोर्तुगीज निघून गेले. साहेब गेला, त्याची फौज गेली, पण ज्यांना जायला गलबत नव्हतं ते किल्ल्याच्या पायथ्याशी राहिले, आणि त्यांच्याबरोबर ही भाषा राहिली. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला धर्माची आणि जातीची भिंत. त्या भिंतीने माणसांना फार त्रास दिला असेल, पण भाषा तिच्या आडोशाने तगली. आज पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ ती पोर्तुगालच्या राज्याविना जगते आहे.

आणि ती आपल्या शेजाराने किती आतून बदलली ते पाहा. पोर्तुगीजमध्ये क्रियापद वाक्याच्या मध्ये येतं. कोर्लईकर ते मराठीसारखं शेवटी नेतो. "लिंग्वा"तला शेवटचा स्वर गळून "लिंग" झालं, जसा आपण लिहितो तो शेवटचा "अ" बोलताना गिळतो. माझ्या मनात घर करून बसलेली गोष्ट क्रियापदांची आहे. अमेरिकन अभ्यासक जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १९९६ मध्ये पुस्तक लिहिलं. पोर्तुगीज क्रियापदांचे तीन गट असतात, शेवटच्या स्वरावरून. कोर्लईत चौथा गट निघाला, "उ" ने संपणारा. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांनी त्यात आपलं बिऱ्हाड मांडलं आहे. हा "उ" आला कुठून? अभ्यासकांचा अंदाज असा की आपल्या "करू नको", "जाऊ नको" मधून. आई पोराला दिवसभरात सगळ्यात जास्त काय सांगते? हे करू नको, तिकडे जाऊ नको, पाण्यात उतरू नको. मला वाटतं, शेजारच्या मराठी आईची ती हाक कोर्लईच्या व्याकरणात गोठून राहिली आहे. (अंदाज चुकीचा ठरला तरी चालेल. मी त्यावर जीव लावून बसलो आहे.)

अशी बोली एकट्या कोर्लईत नव्हती. वसई, साष्टी, माहीम, मुंबई, चौल या सगळ्या उत्तरेकडच्या पट्ट्यात ती बोलली जायची. गोव्याचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दालगादो यांनी १९०६ मध्ये तिचं वर्णन लिहून ठेवलं. मुंबईतून ती गेली. कोचीजवळच्या वैपीन बेटावरची तिची बहीण २०१० मध्ये गेली, तिथला शेवटचा अस्खलित बोलणारा वारला तेव्हा. महाराष्ट्रात कोर्लई उरलं. तिथली शाळा मराठी, बाजार मराठी, नोकरीसाठी मराठी आणि इंग्रजी. आईबाप पोरांशी मराठीत बोलायला लागले आहेत आणि त्यांना नाव ठेवायची माझी हिंमत नाही. पोराचं पोट आधी. पण मी मराठी माणूस म्हणून एवढं विचारेन: बेळगावात, दिल्लीत, केंद्राच्या दारात आपण आपल्या भाषेसाठी जे मागतो, त्यातलं किती आपण आपल्या घरात राहणाऱ्या या हजार माणसांना दिलं?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. त्या दर्जाच्या दाव्यात आपण महाराष्ट्री प्राकृतापर्यंत मागे गेलो होतो. ती महाराष्ट्री संस्कृत नाटकांत कोणाच्या तोंडी आहे? राजा संस्कृत बोलतो. बायका आणि सेवक प्राकृत बोलतात, आणि बायकांची गाणी महाराष्ट्रीत असतात. म्हणजे ज्या बोलीला त्या काळचा मंच खालच्या पायरीवर बसवत होता, तिच्याच जोरावर आपण आज अभिजात झालो. त्या काळी एखाद्या नातीने एखाद्या आजीला सांगितलंच असेल, "असं नाही, असं म्हण."

याहून टोचणारी गोष्ट अशी. १९६८ मध्ये जमैकात, म्हणजे हैतीच्या शेजारच्या बेटावर, मोना इथे जगभरचे क्रिओलचे अभ्यासक जमले. त्यातून १९७१ मध्ये डेल हाइम्स यांनी संपादित केलेला मोठा ग्रंथ निघाला. त्यात फ्रँकलिन साउथवर्थ यांचा लेख आहे तो मराठीच्या उगमावर. त्यांचं म्हणणं असं की मराठी घडली तीच मुळात आर्य आणि द्राविड बोली बोलणाऱ्यांच्या संकरातून, क्रिओल घडतात तशाच एखाद्या अवस्थेतून. पुढे यावर वाद झाले आणि सगळ्यांनी ते मानलेलं नाही. पण त्याच ग्रंथात गम्पर्झ आणि विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचं जे दाखवलं ते कोणालाही कानाने तपासता येईल. एका गावात कानडी, उर्दू आणि मराठी शतकानुशतकं एकमेकींना इतक्या घासल्या की शब्द तिघींचे वेगळे राहिले आणि वाक्याचा साचा जवळजवळ एक झाला. तेव्हा हैतीच्या भाषेला संकर म्हणून नाक मुरडण्याआधी आपण आपल्या घराची वंशावळ वाचावी. शुद्ध रक्ताची भाषा जगात नाही. आपली तर नाहीच.

मॉरिशसमध्ये तर आपलीच माणसं हैतीच्या भाषेच्या चुलत बहिणीत जगतात. १८३४ पासून तिथे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर गेले, त्यात कोकणातले आणि देशावरचे मराठी होते. त्यांचे वंशज गणेश चतुर्थीला मराठी आरती म्हणतात, त्या दिवशी देशाला सुट्टी असते, मुलं शाळेत मराठी शिकतात. घरात मात्र बोलणं मॉरिशियन क्रिओलमध्ये. पाण्याला तिथे "दिलो" म्हणतात. हैतीत "द्लो", मॉरिशसमध्ये "दिलो". मधे दोन महासागर. आरती आटोपल्यावर मराठी आजी नातवाकडे "दिलो" मागते तेव्हा ती काही गमावते आहे असं मला वाटत नाही. तिला दोन भाषा आहेत. २०१२ पासून तिथल्या प्राथमिक शाळांत क्रिओल हा ऐच्छिक विषय आहे. मराठी शिकवायची म्हणून क्रिओलला वर्गाबाहेर उभं केलं नाही.

आता परत सारसोळ्याला येतो, कारण मला बोलायचं आहे ते इथलं.

आगरी-कोळी बोली ही क्रिओल नाही. ती मराठीची बोली आहे, खाडीकाठची, मिठागरांची, डोलीच्या जाळ्याची. पण तिच्या वाट्याला आलेली वागणूक तीच. ती "अशुद्ध" असल्याचा पुरावा काय देतात? की "मला"चं "मना" होतं, "तुला"चं "तुना". दोन्हीकडे "ला"च्या जागी "ना". हा नियम झाला. "गाडी"ची "गारी" होते, "घोडा"चा "घोरा". पण "डोळा"चा "डोला" होतो, "रोला" कधीच होत नाही, कारण शब्दाच्या तोंडाशी असलेला "ड" जागचा हलत नाही. सारसोळ्यातलं तीन वर्षांचं पोर हे कधीच चुकत नाही आणि हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. ज्या बाई ओरडतात त्यांना मी हा नियम विचारला असता तर सांगता आला असता का? आणि त्याच "मना"चा अर्थ अहिराणीत होतो "माझा". एका महाराष्ट्रात एक शब्द दोन ठिकाणी दोन कामं करतो, आणि आपण त्याला दोन्ही ठिकाणी वर्गाबाहेर उभं करतो.

१९७० मध्ये सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या. शेती गेली, मिठागरं गेली, खाडीचे बंदर-धक्के रस्त्यापलीकडे तिवरांत ढकलले गेले. त्या जमिनीसाठी लोक लढले. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व मान्य करून घेतलं. जमिनीचा हिशोब झाला, पुरा झाला की नाही यावर अजून भांडण आहे. भाषेचा हिशोब कोणी मांडलाच नाही. गावाभोवती शहर उभं राहिलं, शहराने शाळा काढल्या, आणि त्या शाळांनी गावच्या पोरांना त्यांच्याच गावात परदेशी केलं.

निवडणूक आली की मात्र हीच बोली शुद्ध होते. रिक्षावरच्या भोंग्यात आगरी, सभेच्या सुरुवातीला दोन वाक्यं आगरी, हळदीच्या मांडवात उमेदवार आगरी गाण्यावर नाचतो. सोंतोनाक्स आणि नेपोलियन यांना जे कळलं होतं ते यांनाही कळतं. मत मागायला जी भाषा चालते ती पहिलीच्या वर्गात का चालत नाही, हा प्रश्न मी पुढच्या वेळी दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारणार आहे. तुम्हीही विचारा.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणायचा घाट घातला गेला तेव्हा आपण सगळे उभे राहिलो. लहान पोराच्या डोक्यावर परकी भाषा लादू नका, त्याला आईच्या भाषेत शिकू द्या, हा आपला मुद्दा होता, आणि तो इतका पक्का होता की २९ जूनला सरकारला दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. मी त्या मुद्द्याच्या बाजूने होतो, आजही आहे. म्हणूनच म्हणतो, तो मुद्दा सारसोळ्याच्या गल्लीतही खरा आहे, कोर्लईच्या चर्चमागच्या घरांतही, नंदुरबारच्या भिल्ल पाड्यावरही. आईची भाषा म्हणजे फक्त माझ्या आईची भाषा नव्हे.

मी काय मागतो? प्रमाण मराठी शिकवू नका असं नाही. ती शिकवाच, नीट शिकवा, पोरीला ती आली पाहिजे. तिच्याशिवाय अर्ज भरता येत नाही आणि कोर्टात उभं राहता येत नाही. पण पहिली-दुसरीच्या वर्गात पोर "मना" म्हणाली तर बाईंनी फळ्यावर "मना" लिहावं, शेजारी "मला" लिहावं आणि सांगावं: हे घरचं, हे पुस्तकातलं, दोन्ही आपलं. याला अनुदान लागत नाही, समिती लागत नाही, फक्त खडू लागतो.

या रविवारी मी पुन्हा गेलो. पोर वही घेऊन बसली होती. तिला हैतीची गोष्ट सांगितली, गुलामांची, जहाजांची, आणि पाण्याच्या शब्दाची. तिने वहीच्या मागच्या पानावर एकाखाली एक लिहिलं: पाणी. पानी. द्लो. दिलो. मावशी वाकून बघत होत्या. ओला हात लुगड्याला पुसून त्यांनी पानावर बोट टेकवलं.

"यांत आमचा कनचा?"

पोरीने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"मना वाचून दाव," मावशी म्हणाल्या.

पोरीने माझ्याकडे एकदा बघितलं, मग आजीकडे, आणि वाचायला लागली.